वसतिगृहातल्या मुलांना बागकामाचे प्रशिक्षण दिले तर पुढे नोकरी लागते का?

वर्धारोडवासी

नमस्कार मंडळी.

आम्ही काही निवृत्त लोक वर्धा मार्गावरील एका वसतिगृहाला जमेल तशी मदत करीत असतो. तेथे सोळा ते वीस या वयाची मुले राहतात. काही जण अठरा वर्षे पूर्ण झाल्याने बालगृहातून बाहेर पडलेले आहेत, तर काहींची शाळा आठवी-नववीतच सुटली आणि घरी परतण्यासारखी परिस्थिती नाही. वसतिगृहामागे अर्धा एकर जागा पडीक आहे. विहिरीला पाणी आहे, मात्र मे महिन्यात ते तळाला जाते. या जागेवर रोपवाटिका उभारून मुलांना वर्षभर बागकाम शिकवावे, असा प्रस्ताव संस्थेपुढे आला आहे.

प्रस्ताव मांडणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. वाफे होतील, रोपे लागतील, पाहुणे येऊन छायाचित्रे काढतील, हेही मला दिसते. पण वर्ष संपल्यावर त्या मुलाला पगार कोण देणार, या प्रश्नाचे उत्तर प्रस्तावाच्या कागदांत कोठेही सापडत नाही. नागपुरात अशा प्रशिक्षणातून पगारावर लागलेली मुले कोणी पाहिली आहेत काय? आणि शिकवायचेच ठरले, तर नेमके काय शिकवावे?

रोपवाटिकावाला

माझी स्वतःची रोपवाटिका असल्याने कामावर ठेवणाऱ्याच्या बाजूने सांगतो. पाणी घालणारी माणसे मला हवी तेवढी मिळतात. ठिबकची नळी नेमकी कोठे तुंबली आहे हे शोधणारा, हिरवळ एका पातळीत कापणारा आणि पान पाहून झाडाचे दुखणे ओळखणारा माणूस मात्र मिळत नाही.

एक उदाहरण देतो. आपल्याकडील काळ्या, चुनखडीयुक्त मातीत अनेक झाडांची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही, म्हणून असे होते. नवशिका माळी पिवळे पान पाहिले की पाणी वाढवतो. मग काळ्या मातीत पाणी तुंबते, मुळे गुदमरतात आणि झाड हातचे जाते. हा फरक ज्याला कळतो, त्याला मी दुसऱ्या दिवशी कामावर घेईन.

बाहेर काम देणारे साधारण तीन प्रकारचे आहेत. बेसा, मनीषनगर या बाजूच्या गृहसंस्था, मिहान व बुटीबोरीतील कंपन्यांच्या बागा सांभाळणारे ठेकेदार आणि आमच्यासारखे रोपवाटिकावाले. यांतील ठेकेदार बहुतेकांना अकुशल कामगार म्हणून घेतो आणि वर्षानुवर्षे त्याच दरात ठेवतो. किमान वेतनाच्या अकुशल, अर्धकुशल व कुशल अशा पायऱ्या आहेत. तुमचा मुलगा पहिली पायरी ओलांडेल असे काहीतरी त्याच्या हाताला शिकवले नाही, तर वर्षभराच्या प्रशिक्षणाला अर्थ उरत नाही.

गिट्टीखदानकर

आमच्या गृहसंस्थेतील माळ्याचे दर्शन पगाराच्या दिवशीच होते. आपल्या मुलांना नुसते वेळेवर येणे शिकवा, आम्ही त्यांना आजच कायम करतो.

शाळाबाई

वरील प्रतिसादावर हसू आले, पण त्यात तथ्य आहे. ज्या मुलांच्या घरात कोणीच ठरलेल्या वेळेला कामावर जात नव्हते, त्यांना वेळ पाळणे भाषण देऊन शिकवता येत नाही. नागपूरच्या एप्रिलमध्ये मात्र सकाळी सातचे पाणी दहाला घातले, तर दुपारपर्यंत वाफ्यातील रोपे माना टाकतात आणि त्यासाठी कोणालाही रागवावे लागत नाही. वर्गात जी मुले माझ्याशी हुज्जत घालत, तीच मुले रोप का मेले यावर शांतपणे बोलताना मी पाहिली आहेत.

मला खरी अडचण दिसते ती पालकांची. आमच्या शाळेत बागेचा तास सुरू झाला तेव्हा एका आईने विचारले, "आम्ही जन्मभर खुरपेच धरले, याच्याही हातात तेच द्यायचे तर याला शाळेत कशाला पाठवला?" त्या बाईचे काही चुकले नव्हते. ज्यांच्या पिढ्या दुसऱ्याच्या मातीत राबल्या, त्यांना बागकाम हा छंद वाटत नाही आणि कौशल्यही वाटत नाही. संस्थेतील सुशिक्षित मंडळींना मातीत हात घालून जो आनंद होतो, तो त्या मुलांनाही होईलच, असे गृहीत धरू नये.

तहसीलकचेरी

वयाचा मुद्दा आधी पाहून घ्यावा, कारण तुमच्याकडे सोळा ते वीस असा मिश्र गट आहे. बालगृहातून बाहेर पडलेल्यांसाठी बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये अठरा ते एकवीस या वयात अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे, तेव्हा जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयाशी बोलून ही मुले त्यात बसतात का हे विचारावे. अठराच्या आतील मुलांना धोकादायक कामावर ठेवण्यास बालकामगारविषयक कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर बंदीच आहे.

कायद्याच्या पलीकडचेही सांगतो. फवारणीचा पंप लहान मुलांच्या हाती अजिबात देऊ नये, आणि मोठ्यांच्याही हाती हातमोजे, मुखपट्टी व वाऱ्याची दिशा समजावल्याशिवाय देऊ नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन किती शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विदर्भातील माणसाला वेगळे सांगायला नको. फवारणीचे द्रावण सुरक्षितपणे तयार करणे, रिकामे डबे कसे नष्ट करायचे आणि डब्यावरील रंगीत त्रिकोणाचा अर्थ काय, हा प्रशिक्षणाचा स्वतंत्र भाग असावा. नियम पाळणारा फवारणी करणारा माणूस मिळणेही कठीणच आहे.

महालचा_मुलगा

मी सध्या अमेरिकेत असतो, त्यामुळे तिकडील काही अनुभव नोंदवतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या तुरुंगात समुपदेशक असलेल्या कॅथरीन स्नीड यांनी कैद्यांना तुरुंगाच्या शेतात भाजीपाला पिकवायला लावले. लोक मनापासून काम करीत, पण सुटल्यावर बाहेर हाताला काम नसल्याने त्यांतील अनेक जण पुन्हा आत येत. म्हणून त्यांनी १९९२ मध्ये तुरुंगाबाहेर 'गार्डन प्रोजेक्ट' सुरू केला आणि सुटून आलेल्यांना तेथे पगारी काम दिले. शहराच्या रस्त्यांवर झाडे लावण्याचे कामही त्यांना मिळाले. वर्धारोडवासी यांचा प्रश्न आणि स्नीड यांना पडलेला प्रश्न एकच आहे, असे मला वाटते.

बॉस्टन परिसरात १९९१ पासून 'फूड प्रोजेक्ट' किशोरवयीन मुलांना शेतीत कामाला घेतो आणि त्यांना त्याचे पैसे देतो. मुलगा तेथे विद्यार्थी म्हणून येत नाही, कामगार म्हणून येतो. उशीर केला तर पैसे कापले जातात, आणि का कापले हे त्याला समजावूनही सांगितले जाते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मिलवॉकी शहरात विल ॲलन या माजी बास्केटबॉलपटूने १९९३ मध्ये 'ग्रोइंग पॉवर' उभी केली. २००८ मध्ये त्यांना मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली, जगभरातून लोक ती शहरी शेती पाहायला येत. ती संस्था २०१७ मध्ये कर्जाच्या ओझ्याखाली बंद पडली. कीर्ती वाढली, कामाचा पसारा वाढला, पण भाजी विकून तो पसारा पोसता आला नाही. आपल्याकडे अर्ध्या एकराच्या रोपविक्रीतून प्रशिक्षणाचा खर्च भागेल, असे कोणी प्रस्तावात लिहिले असेल तर ते वाक्य आधी खोडावे.

वर्धारोडवासी

तसे वाक्य प्रस्तावात आहे. दुसऱ्याच पानावर आहे.

काटोलकर

संत्र्याच्या पट्ट्यातला माणूस असल्याने एक ठोस कौशल्य सुचवतो, ते म्हणजे डोळा भरणे. जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बसवतात, त्यातून कलम तयार होते. अमरावती जिल्ह्यातील शेंदूरजनाघाट परिसर या कलमांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे डोळे बांधणाऱ्या कारागिरांना नगावर मजुरी मिळते. हात बसलेला कारागीर दिवसभरात जेवढे बांधतो, ते पाहून नवख्याला धडकी भरते. या कामात शिक्षणाचा दाखला कोणी विचारत नाही, किती डोळे जगले एवढेच विचारतात.

मात्र काम सोपे आहे असे समजू नये. जंबेरीचे बी वाळू न देता पेरावे लागते. उगवलेल्या रोपांत वेगळ्या ठेवणीची आणि खुरटी रोपे निघतात, ती ओळखून काढून टाकणे ही निम्मी विद्या आहे. खुंट पेन्सिलीएवढा जाड झाल्यावर जमिनीपासून वीतभर किंवा त्याहून थोडे वर डोळा भरतात, कारण डोळा मातीजवळ राहिला तर फायटोफ्थोरा बुरशी डिंक्या रोग घेऊन येते. आणि डोळे निरोगी मातृवृक्षावरचेच हवेत. अमरावती मार्गावरील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने पिशव्यांमधील रोपवाटिकेची जी पद्धत सांगितली आहे, तिच्यात माती, वाळू आणि शेणखताचे मिश्रण ओले करून उन्हाळ्यात पारदर्शक प्लास्टिकखाली तापवतात, जेणेकरून त्यातील बुरशी मरावी. आपला मे महिना शेतीच्या दृष्टीने फुकट जातो असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. या कामाला पाणीही फारसे लागत नाही.

तहसीलकचेरी

काटोलकर, सूचना चांगली आहे, पण महाराष्ट्रात फळझाडांची रोपे विकायची असतील तर १९६९ च्या फळरोपवाटिकाविषयक कायद्यानुसार परवाना घ्यावा लागतो. धर्मादाय संस्था असली तरी त्यातून सुटका नाही. रोगट कलमे विकली गेली तर शेतकऱ्याला ते चार-पाच वर्षांनी, बाग फळावर येताना कळते, आणि तोवर त्याचे भरून न येणारे नुकसान झालेले असते.

काटोलकर

मान्य आहे. म्हणूनच विक्री करू नये असे माझे मत आहे. जंबेरीवर हात बसवावा आणि तयार झालेली मुले डोळे भरण्याच्या हंगामात परवानाधारक रोपवाटिकांत कामाला पाठवावीत. शिकताना वाया जाणारी रोपे वायाच जाऊ द्यावीत.

फूलबाजार

सीताबर्डीच्या नेताजी मार्केटात ज्याने दसऱ्याच्या पहाटे झेंडू विकला आहे, तो तुम्हाला सांगेल की फूल पिकवणे ही निम्मीच गोष्ट आहे. दसऱ्याला फूल हवे तर रोप कधी लावायचे, हे मागे मोजत यावे लागते. चार दिवस उशीर झाला तर माल दसऱ्यानंतर येतो आणि भाव पडलेला असतो. मुलांना एक तरी पीक असे करू द्यावे, ज्याची तारीख आधी ठरलेली आहे आणि जे त्यांनी स्वतः बाजारात नेऊन विकायचे आहे. अडत, तोलाई, सुकलेला माल कोणाच्या माथी जातो, हे एकदा तेथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही. माझ्या मते हिशेबाची वही ठेवणारा मुलगा पुढे मुकादम होतो आणि न ठेवणारा मजूरच राहतो.

सेमिनरीहिल्स

मला या धाग्यातील सूर थोडा खटकतो आहे. सर्व जण पगाराचीच भाषा बोलत आहेत. ज्या मुलावर आजवर कोणीच विश्वास ठेवला नाही, त्याच्या हाती जिवंत गोष्ट सोपवण्यालाही काही मोल आहे की नाही? अचलपूरजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना आपले नाव देऊन वाढवले आणि त्या मुलांनी तेथील उजाड माळावर हजारो झाडे जगवली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेथील झाडांचा हिशेब नोकऱ्यांत कसा करणार?

संविधानचौक

सेमिनरीहिल्स, पापळकरांचे उदाहरण दिलेत म्हणून सांगतो की, अशा मुलांना अठरा वर्षांनंतर घराबाहेर काढले जाऊ नये, त्यासाठी कायदा व्हावा, अशी मागणी त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली आहे. अठराव्या वर्षानंतर मुलगा जाणार कोठे, ही काळजी झाडे लावून मिटत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असेल?

माझा आक्षेप याहून कडक आहे. 'प्रशिक्षण' या नावाखाली वर्षभर फुकट मजुरी करवून घेण्याचे प्रकार मी पाहिले आहेत. एका मोठ्या बंगल्यांच्या वसाहतीत अशीच मुले 'सरावासाठी' आणली जात. सहा महिने हिरवळ कापून घेतली, शेवटी सर्वांना प्रमाणपत्रे वाटली आणि दुसऱ्या दिवशी नवी तुकडी आली. ज्या कामाचे पैसे एरवी कोणाला तरी द्यावे लागले असते, ते काम मुलाने केले तर त्याचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यातही विद्यावेतन आहे. संस्थेने काम करताना त्याहून खालची पातळी गाठू नये.

सेमिनरीहिल्स

पैसे देऊ नयेत असे मी म्हटलेले नाही. नोकरी लागली नाही तर सर्व व्यर्थ, या निष्कर्षाला माझा विरोध आहे. आपल्यापैकी कितीजण शाळेत जे शिकले त्याच्या बळावर आज पोट भरतात?

गिट्टीखदानकर

मी भूमितीच्या बळावर पोट भरत नाही, हे जाहीरपणे कबूल करतो.

झारी

बराच वेळ वाचत होतो, आता लिहितो, कारण येथे शिकवणारे, कामावर ठेवणारे आणि कायदा जाणणारे सर्व बोलले, शिकलेला कोणी बोललेला नाही.

मी अशाच एका प्रशिक्षणातून आलो आहे. शाळा नववीत सुटली होती. आम्हाला पहिले काही महिने फक्त वाफे, खत आणि पाणी यांचेच काम दिले. आमच्यातील निम्मी मुले तेथेच गळाली, कारण शेजारच्या बांधकामावर रोख पैसे मिळत होते. मी टिकलो याचे कारण मला बागेची आवड होती असे नाही. तेथे दुपारचे जेवण होते आणि शिकवणारे काका माझ्याशी 'अहो' म्हणून बोलत, एवढेच कारण होते. पुढे त्यांनी ठिबक जोडणे, गाळणी साफ करणे, वेळ लावून पाणी सोडणाऱ्या यंत्राची बटणे समजावली. आज मी त्याच कामावर आहे. गच्चीवरील बागा, बंगले आणि दोन कार्यालयांची देखभाल माझ्याकडे असते. झाडे लावणारे पुष्कळ आहेत. मालक गावाला गेल्यावर पाणी बंद पडले तर ज्याला बोलावता येते, असे फार थोडे आहेत.

शाळाबाईंनी सांगितलेले खरे आहे. माझ्या घरीही 'माळीकाम' म्हटल्यावर तोंडे वाकडी झाली होती. 'सिंचनाचे काम' म्हटल्यावर झाली नाहीत. पगारही वेगळा आहे.

एक सूचना आहे. मुलांना ग्राहकाच्या घरी कसे जायचे, हे शिकवावे. कोणत्या दाराने, कोणाशी बोलायचे, दर सांगताना खाली पाहायचे नाही, काम झाल्यावर चिखल पुसून निघायचे आणि झाड मेले तर ते लपवायचे नाही. मला हे कोणी शिकवले नव्हते. सुरुवातीला बंगल्याच्या फाटकावरच माझी जीभ टाळ्याला चिकटत असे.

शाळाबाई

झारी, तुमचा प्रतिसाद संस्थेच्या लोकांनी छापून भिंतीवर लावावा. फक्त 'अहो' म्हणणाऱ्या काकांसारखा माणूस संस्थेला कोठून मिळणार, हा प्रश्न राहतोच.

उमरेडरोड

एक गोष्ट अजून कोणीच काढली नाही. आपल्याकडील कोणत्याही रोपवाटिकेत जाऊन पाहा, पिशव्या भरणे, रोपे बदलणे, निंदण हे सर्व काम बाया करतात. कलम बांधणारा, गाडी चालवणारा आणि हिशेब लिहिणारा मात्र पुरुष असतो. मुलींच्या वसतिगृहातही असा वर्ग सुरू करणार असाल, तर त्यांना पिशव्या भरायला लावू नका, ते त्यांच्या आयांना येतेच. त्यांच्या हाती कलमाचा चाकू आणि हिशेबाची वही द्या. आणि अंधार पडण्याआधी घरी पोहोचता येईल अशी कामाची जागा पाहा, नाहीतर शिकूनही घरचे पाठवणार नाहीत.

रोपवाटिकावाला

उमरेडरोड यांचे म्हणणे माझ्या रोपवाटिकेलाही लागू पडते. उत्तर देण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

प्रमाणपत्राविषयी थोडे लिहितो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये फुलशेती व उद्यानरचनेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, कृषी विद्यापीठांचे माळी प्रशिक्षण फार जुने आहे आणि कौशल्य विकास योजनेत 'गार्डनर' हे पद स्वतंत्रपणे मान्य आहे. प्रवेशाच्या अटी वेगवेगळ्या असल्याने आठवीत शाळा सुटलेल्या मुलाला कोठे जागा मिळेल, हे आधी पाहून घ्यावे. महाराजबागेला लागून कृषी महाविद्यालय आहे, तेथे चौकशी करावी. मी स्वतः कागद पाहून माणूस घेत नाही, पण कंपनीच्या ठेकेदाराला देयक मंजूर करून घेताना कुशल कामगाराचा कागद दाखवावा लागतो. तेव्हा हात आधी तयार करावा, कागद नंतर मिळवावा, मात्र तो टाळू नये.

वर्धारोडवासी

सर्वांचे आभार. काल संस्थेच्या बैठकीत हा धागा वाचून दाखवला. बराच वाद झाला, तरी काही गोष्टी ठरल्या आहेत. रोपविक्रीतून खर्च भागेल हे वाक्य काढले. अर्धा एकर एकदम न घेता त्यातील थोडीच जागा तयार करायची. सुरुवातीला सहा मुले घ्यायची आणि त्यांना विद्यावेतन द्यायचे. त्यासाठी देणगीदारांकडे बाकांऐवजी आणि फलकाऐवजी पैसे मागायचे. एका देणगीदाराने लगेच विचारले की मग आमचे नाव कोठे येणार. ठिबक आणि पाण्याची यंत्रणा हा मुख्य विषय राहील, कलमे हा दुसरा आणि झेंडूचे एक पीक बाजारासाठी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पहिली तुकडी घेण्यापूर्वी निदान दोन गृहसंस्थांकडून आणि एका रोपवाटिकेकडून लेखी होकार आणायचा, तो आला नाही तर वर्ग सुरूच करायचा नाही.

रोपवाटिकावाले, तुम्ही दोन मुले घ्याल काय?

रोपवाटिकावाला

घेईन. पहिला महिना पारखण्यासाठी बिनपगारी ठेवावा, अशी माझी अट राहील.

संविधानचौक

ही अट स्वीकारू नये. पारखायचे असेल तर आठवडाभराची मुदत पुरे आहे, आणि त्या आठवड्याचाही रोज द्यावा.

रोपवाटिकावाला

आठवडाभरात मला माणूस कळत नाही, रोपाचेही काही कळत नाही. तरीही पहिल्या दिवसापासून रोज देतो. मात्र मुलगा न सांगता दोन दिवस आला नाही, तर तिसऱ्या दिवशी त्याला समजावायला संस्थेचा माणूस माझ्याकडे आला पाहिजे, मी शोधत फिरणार नाही.

वर्धारोडवासी

हे काम मी घेतो. तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवला आहे. झारी, तुम्हालाही पाठवला आहे. तुम्ही शिकवायला आलात, तर तुमच्या दिवसाचा दर काय, तेही कळवावे.

झारी

निरोप मिळाला. दर कळवतो. मार्चमध्ये गच्चीवरील बागांची कामे वाढतात, त्यामुळे त्याआधीच्या तारखा धराव्यात.